सुकलाल आप्पा आणि सात गिनी कोंबड्या

सुकलाल आप्पांच्या घरी जाणाऱ्याला आधी शिव्या खाव्या लागतात. आप्पांच्या नव्हे, त्यांच्या कोंबड्यांच्या. फाटक नुसतं हललं तरी सात गिनी कोंबड्या माना ताणून अशा ओरडतात, की नव्या माणसाला वाटावं, आपल्या हातून खून झाला आहे. मला तसं वाटायला एरवीही फारसं काही लागत नाही. रस्त्यात पोलीस दिसला की मी उगाच खिशातलं लायसन्स चाचपतो. त्यामुळे सुरुवातीला मी आप्पांच्या घरावरून चपलांचा आवाज न करता जात असे. असं चालणाऱ्यावर कोंबड्या जास्तच ओरडत.

आमची सोसायटी सुरतेत, नवागामच्या पुढे डिंडोलीच्या बाजूला आहे. रो-हाऊसच्या दोन ओळी, मधे रस्ता, मागे मोकळा प्लॉट आणि त्यापलीकडे खाडी. मी मूळचा सांगलीकडचा, बँकेत नोकरीला. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून लोकांनी मला सोसायटीचा सेक्रेटरी केलं. आप्पा धुळ्याकडचे. त्यांचा उभा जन्म बमरोलीत पॉवरलूमच्या शेडमध्ये गेला आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. हे मात्र त्यांना मान्य नाही. "मला ऐकू येतं साहेब. लोकच आताशा हळू बोलायला लागले."

समोरच्याच्या ओठांवरून ते बरंचसं ओळखतात. लूमवरचे सगळे कारागीर तसंच बोलतात, दुसरा इलाजच नसतो. बोलणं गैरसोयीचं झालं की आप्पा ओठांवरची नजर काढून पंख्याकडे लावतात. मग त्यांच्याशी बोलणं ब्रह्मदेवालाही जमणार नाही.

गिनी कोंबडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. करड्या अंगावर पांढरे ठिपके, इतके नेमके की सुरतेच्या मार्केटातली छापील साडीच नेसल्यासारखी दिसते. तोंड पावडर थापल्यासारखं पांढरंफटक, डोक्यावर शिंगाचा टोप, गालाशी लोंबणाऱ्या लाल लोळ्या. चाल वरमाईची. कुठे निघाली आहे ते तिला ठाऊक नसतं, पण उशीर झालेला असतो. आप्पांनी ही पिल्लं नवापूरच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून आणली, भोकं पाडलेल्या खोक्यात, भुसावळच्या गाडीनं. खोकं मांडीवर घेऊन ते सुरतेपर्यंत आले, आणि समोरच्या सीटवरच्या बाईनं "काय आहे त्यात?" असं विचारल्यावर "पाव्हणे" म्हणाले.

"तोटा सांगा, फायदा करून देतो" हे आप्पांचं आवडतं वाक्य. सुरतेत राहून माणूस धंदा शिकला नाही तरी धंद्याची भाषा शिकतोच.

मी म्हणालो, "आप्पा, फार ओरडतात हो."

"फायदा. सोसायटीला वॉचमन नाही."

"समोरच्या हसमुखभाईंच्या नव्या गाडीला टोचे मारतात. तिच्या दारात स्वतःचंच रूप दिसतं, त्याच्याशी भांडतात."

"गाडी चकचकीत ठेवतो ना तो? मग त्याला सांगा, थोडी धूळ राहू दे. पाण्याची बचत."

"संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर चढून बसतात."

"टाकीला झाकण आहे का, हे तुम्ही कधी वर जाऊन पाहिलं होतं? आता पाहिलं ना?"

मी पाहिलं होतं. झाकण फुटलेलं होतं. सेक्रेटरी म्हणून ती चूक माझीच, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

फायदे नव्हते असं नाही. मागच्या प्लॉटातून पावसाळ्यात साप यायचे, ते दिसेनासे झाले. निदान कोंबड्यांनी आधी गिल्ला केल्याशिवाय एकही आत आला नाही. किडे, गोचीड, झुरळं यांचा त्यांनी फडशा पाडला. पण अंडी घालायची त्यांची तऱ्हा वेगळी. साधी कोंबडी खुराड्यात अंडं घालून जगाला सांगते. ही गुपचूप कुठेतरी लपवते. एकदा हसमुखभाईंच्या पत्नी कोकिळाबेननी अंगणातली जास्वंदीची कुंडी हलवली, तर मागे टणक कवचाच्या अंड्यांचा ढीग. त्या घरात कांदासुद्धा शिजत नाही. कोकिळाबेननी अंगण धुतलं, मग पायरी धुतली, मग हसमुखभाईंना माझ्याकडे पाठवलं.

आणि उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. त्या दिवशी सुरतेचं सगळं आकाश पतंगांनी भरतं. कोंबड्यांना प्रत्येक पतंग म्हणजे घार. सकाळपासून दिवे लागेपर्यंत सातही जणींनी त्या घारींविरुद्ध मोर्चा काढला. गच्चीगच्चीवर स्पीकर लागले होते, पण एकाही गाण्याचा शब्द कळला नाही. आप्पा तेवढे अंगणात शेंगदाण्याची चिक्की खात बसले होते. "आज बऱ्या बोलतायत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हसमुखभाई आले. "सावंतभाई, आनो कंईक निकाल लावो. आ पक्षी छे के सायरन?"

मी म्हणालो, "हा हा, लावतो." त्याच संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "काही तक्रार नाही ना?" मी म्हणालो, "छे, छे." दोघांनाही मी बरं वाटेल तेच बोलून बसलो होतो. रविवारी मंदिराच्या ओट्यावर मीटिंग ठरली, कोंबड्या ठेवायच्या की घालवायच्या. आदल्या दिवशी मी मनाचा हिय्या करून आप्पांकडे गेलो. त्यांनी स्वतःहूनच पक्षी नवापूरला परत पाठवावेत, म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही, हा माझा डाव.

फाटक उघडलं. कोंबड्या नेहमीप्रमाणे धावून आल्या, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि गप्पच राहिल्या. मी चरकलो.

आप्पा दाराशी खुर्ची टाकून बाजरी निवडत होते. म्हणाले, "ओळखलं तुम्हाला. रोज पाहिलेल्या माणसावर नाही ओरडत त्या. चूप बठा वं, आपलाच माणूस शे." शेवटचं कोंबड्यांना. त्यांच्याशी ते घरच्या अहिराणीतच बोलतात.

मी विषय काढला. म्हटलं, ऐकू येत नाही म्हणून ठेवल्या असतील तर बेलला दिवा जोडून घ्या. हल्ली मिळतो तसा.

"दिव्याकडं बघत कोण बसेल? पाठ वळली की दिवा गेला. ह्यांचं ओरडणं लागतं साहेब. कानाला नाही, इथं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "आणि मी मागच्या अंगणात असलो तर धावत येऊन सांगतात."

"पण आप्पा, तुमच्याकडे येतं कोण?"

विचारलं आणि जीभ चावली. काकूंना, म्हणजे आप्पांच्या पत्नीला, जाऊन काही वर्षं झाली. मुलगा परदेशी. आप्पांकडे दूधवाल्याखेरीज कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांची नजर आता पंख्याकडे जाईल असं मला वाटलं. पण ते माझ्याकडेच पाहत राहिले.

"मुलगी आली होती," म्हणाले.

मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं. आप्पा तिला म्हणाले होते, माझ्या दारात पाय ठेवू नको. ती गेली. त्यानंतर काकू गेल्या, आणि हळूहळू उरलेसुरले कानही गेले. मग एका दुपारी, कोंबड्या यायच्या आधी, आप्पा आत भाकरी थापत होते, दाराकडे पाठ करून. संध्याकाळी कोकिळाबेननी सहज सांगितलं, एक मुलगी येऊन बराच वेळ दार वाजवत होती. दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती. पिशवीत भरताची वांगी, ती जळगावकडची मोठी, हिरवी.

"मी आत होतो साहेब. तव्यावर भाकरी होती. धूर दिसला असेल तिला. तिला वाटलं असेल, बापानं ऐकलं आणि उठला नाही. कान गेले, हे तिला कुठं ठाऊक?"

"तिचा नंबर?"

"जुना आहे. लागत नाही. जळगावकडं असते, एवढंच ठाऊक."

आप्पांनी बाजरीतला खडा काढून फेकला आणि नेहमीच्या ठाम आवाजात म्हणाले, "एकदा आलेलं माणूस पुन्हा येतं. ती माझ्यावर गेलीय, येईलच. फक्त या खेपेला आपण हजर पाहिजे."

रविवारी ओट्यावर सगळे जमले. हसमुखभाईंनी गाडीचे फोटो दाखवले. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला विचारायचंच कशाला, त्याला काय ऐकू येतंय. आप्पा समोरच बसले होते आणि त्याच्या ओठांकडेच पाहत होते. माझ्याकडे सगळ्यांचे डोळे लागले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्या गर्दीला बरं न वाटणारं बोललो. "कोंबड्या राहतील," म्हणालो. सगळ्यांनी कारण विचारलं, पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

गलका झाला. तेव्हा आप्पा उठले.

"कायमच्या नाही," म्हणाले. "एक माणूस यायचं आहे. पहिल्या दिवशी ह्या त्याच्यावर ओरडतील. दुसऱ्या खेपेला ओरडतील. त्याचं येणंजाणं वाढलं की ओळखतील. ज्या दिवशी त्या माणसाला पाहून ह्या गप्प बसतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी खोक्यात घालून नवापूरला. माझा शब्द."

हसमुखभाईंनी विचारलं, "पण कोण माणूस, आप्पा?"

आप्पांनी नजर वर केली. मंदिराच्या ओट्यावर पंखा नाही. ते तरीही वरच पाहत राहिले.

कोकिळाबेन एकदम नवऱ्याला म्हणाल्या, "रहेवा दो हवे. गाडीने कपडुं ढांकजो." गाडीवर कापड टाकायचं ठरलं आणि मीटिंग संपली.

हे अलीकडचंच. दुपारी कोंबड्यांनी गिल्ला केला की पूर्वी समोरच्या ओळीतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. आता कोकिळाबेन खिडकी उघडून पाहतात. मी घरी असलो तर गॅलरीत येतो. बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो, बिचारा पार्सल छातीशी धरून उभा. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतो आणि आत जातो.

हे सगळं लिहावं की नाही, याची मला टोचणी होती. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट. म्हणून आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "लिहा की. जळगावकडं वाचतात ना लोक?" मग लिहिलेलं त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. तिचं नाव नाही, हे ठीक आहे म्हणाले. पण फायदे कमी लिहिलेत, आणि एक गोष्ट राहिलीच.

"ती लहानपणापासून भित्री आहे. साधा कुत्रा भुंकला तरी मागं फिरायची. म्हणून शेवटी तेवढं लिहा. ह्या ओरडतात, पण माणसाला चोच मारत नाहीत. फाटक ढकलून सरळ आत यायचं."