मडीतला लॅपटॉप

आमच्या अनंतअण्णाचा लॅपटॉप मडीत असे. मडी म्हणजे आपलं सोवळं. पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहून आमचं सोवळंही कानडी झालंय. त्या यंत्राच्या आसपास कोणी फिरकलं की अण्णा खुर्चीतून अर्धवट उठून गरजे, "मुट्टबेडा!" शिवू नका!

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचा, गिरिजाचा, थोरला भाऊ. चामराजपेटेतल्या त्यांच्या घरात तो वर, आम्ही खाली. थोडक्यात, मी घरजावई. आणि घरजावयाला रागवायची सोय नसते. तोंडावर मी त्याला अहोजाहो करतो. इथे मात्र अरेतुरेच करणार, तेवढाच राग निघेल.

खरी चीड कशाची, तर अण्णाची आई मडीत असताना असंच ओरडायची. त्यावरून हाच माणूस तरुणपणी तिच्याशी कडाकडा भांडायचा, मुद्दाम जाऊन शिवायचा. आणि आता? बाहेरून आलेली प्रत्येक फ्लॉपी ओवळी! तिला आधी व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमची आंघोळ. ती होईपर्यंत आणणाऱ्याने जिन्यात थांबायचं.

पासवर्ड टाकायच्या वेळी हुकूम सुटे, "भिंतीकडे तोंड!" एकदा माझ्याबरोबर गॅसवालाही वळून उभा राहिला, सिलिंडर खांद्यावर तसाच.

"अण्णा, मला हे यंत्र सुरूसुद्धा करता येत नाही हो!"

"ज्याला कळतं तो निदान घाबरतो, जावईबापू. तुमच्यासारखेच घात करतात."

हे मी का ऐकून घ्यायचं? पण ऐकलं.

यंत्रापुरतं असतं तरी चाललं असतं. मुलीनं, मंजुळानं, स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा तिलाही त्यानं हेच ऐकवलं: "माझ्या उंबऱ्याला शिवू नकोस." वहिनी आधीच गेलेल्या. मंजुळा हेब्बाळला, म्हणजे याच गावात. पण लग्नानंतर तिचं नाव वरच्या मजल्यावर निघालं नाही. वर तो आणि त्याचा लॅपटॉप.

मंजुळाला मुलगा झाला. गिरिजा बघून आली ती एक फ्लॉपी घेऊनच, आणि तडक वर जाऊन तिनं ती टेबलावर आपटली.

"नातवाचा फोटो आहे. बघायचा तर बघ, नाहीतर फेकून दे. मी काही भिंतीकडे तोंड करून उभी राहणार नाही!"

"मी कशाला बघू?"

"सरी, तुझी मर्जी," म्हणत ती खाली आली. त्या संध्याकाळी वरून एकदाही आरडाओरडा झाला नाही. अण्णा जेवायलाही उतरला नाही.

सकाळी मात्र घर हादरलं. "कोण शिवलं याला?"

आम्ही धावत वर गेलो. लॅपटॉपच्या पडद्यावरची अक्षरं जागा सोडून टपाटप तळाशी पडत होती. व्हायरस!

"हे तुमचंच काम, जावईबापू!"

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. "तुमचं ते डबडं माझ्या गळ्यात बांधलंत तरी मी हात लावणार नाही! गॅसवाल्याला विचारा!"

"अण्णा," गिरिजा मध्येच म्हणाली, "कालची फ्लॉपी कुठाय?"

फ्लॉपी यंत्राच्या पोटातच होती. काल बॅटरी संपून पडदा विझेपर्यंत तो बघत बसला होता, आणि ती तशीच आत राहिली होती. आज यंत्र तिच्यासकट सुरू झालं.

"तपासली नव्हतीस?"

अण्णाची मान खाली. "पाच मिनिटं लागतात त्याला." मग चिडून म्हणाला, "नाही थांबवलं माझ्याच्यानं! झालं समाधान?"

विजयाचं एक जबरदस्त वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात गिरिजानं हात पुढे केला. "आण, पुसून टाकू ती फ्लॉपी."

"मुट्टबेडा!" अण्णानं दोन्ही हातांनी लॅपटॉप झाकला. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "फोटोत तेल लावून पाटावर ठेवलंय गं त्याला. अंगावर कपडा नाही. आई म्हणायची ना, उघड्या पोराचा मडीला विटाळ नाही? तेवढंच शिवलेलं तिला चालायचं."

पडद्यावर अजून अक्षरं गळत होती. तो तिकडे बघतही नव्हता.

"हेब्बाळची बस मार्केटातूनच सुटते ना?" तो माझ्यावर खेकसला. "नुसते बघता काय, जावईबापू? सांगा की!"

"हो," म्हटलं, आणि मी भिंतीकडे तोंड केलं. या वेळी हुकूम सुटला नव्हता.