नानांची चतुःसीमा

रघुनाथनानांनी मला आजवर एकदाही नावाने हाक मारलेली नाही. पार्किंगमध्ये उभे राहून ते ओरडतात, "ओ हिस्सा दोन!" बोळिंजमधली आमची सोसायटी ज्या शेतावर उभी आहे, त्या सर्व्हे नंबरचे दोन हिस्से होते. पहिल्यावर ए विंग आली, दुसऱ्यावर बी. त्यामुळे नानांनी मला हाक मारली की बी विंगमधली बावीस कुटुंबं खिडकीत येतात.

शेत नानांच्या वडिलांचं. तिथे पूर्वी भात व्हायचा, आता आम्ही होतो. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नाना एकटेच राहतात. बायको गेली, मुलगा पुण्याला असतो. रोज सकाळी ते बांधावरून फेरी मारतात. बांध आम्हाला दिसत नाही, त्यांना दिसतो. कुणाची गाडी पांढऱ्या रेघेबाहेर गेली की म्हणतात, "बांध कोरलास!" खिशात मोजायची टेप असते. मी फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी माझा हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर मोजलं आणि कीव आल्यासारखं म्हणाले, "अर्धा गुंठा पन नाय. आमच्या म्हशी यापेक्षा ऐसपैस ऱ्हायच्या."

माणसांपेक्षा सातबाऱ्यावर त्यांचा विश्वास जास्त. "कागद बोलतो, मानूस फक्त तोंड हलवतो," हे त्यांचं ब्रीद. लग्नाचं आमंत्रण आलं की आहेर काय करायचा याआधी ते कार्यालयाची जमीन कुणाच्या नावावर आहे ते विचारतात. जवळच्या एका उद्यानाच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते. शाल झाली, श्रीफळ झालं, 'हरित क्रांती' हा शब्द दोनदा झाला. तेवढ्यात मागच्या रांगेतून नाना उठले. "साहेब, कागदावर हा नाला हाय." साहेबांनी प्रेमळ हसून नारळ फोडला. पावसाळ्यात उद्यानातली घसरगुंडी थेट पाण्यात उतरू लागली. नाना छत्री घेऊन रोज ती पाहायला जात.

एकदा त्यांनी टेप लावून सिद्ध केलं की सोसायटीचं गेट चार फूट रस्त्यात आहे. कमिटीने त्यांचे आभार मानले आणि हे कुणाला सांगू नका म्हणून हात जोडले.

असा माणूस कागदात चूक करील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

ज्या सभेला मी गेलो नव्हतो त्या सभेने मला सचिव केलं. इमारतीचे खांब तडकलेले, गच्ची गळकी. इमारत पाडून नवी बांधायची, तर जमीन सोसायटीच्या नावावर हवी, आणि ती अजून मूळ मालकांच्याच नावावर. "तुम्ही बोळिंजमध्ये ऱ्हात नाय," नाना समजावत. "जमीन आमची. तुमची फक्त हवा हाय." बिल्डरची सही आम्ही मोठ्या पाठलागानंतर मिळवली होती. आता मालकांच्या संमतीपत्रावर सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. सातबारा काढला तर नाव एक नव्हतं, दोन होती. नानांचं आणि कुणा यमुनाबाईंचं.

"माझी बाय. मोठी बहीन," नाना म्हणाले. "राजोडीला दिलेली." राजोडी म्हणजे रिक्षाने वीस मिनिटं. इतक्या वर्षांत मी या बाईंना एकदाही पाहिलं नव्हतं.

संमतीपत्र नानांनी स्वतः तयार केलं. टाइप करणाऱ्याच्या शेजारी बसून शब्द न् शब्द सांगितला. रविवारी माझ्या घरी सह्या ठरल्या. यमुनाबाई आल्या. नऊवारी, ताठ कणा, ऐंशीच्या आसपास. चप्पल न काढता दारात उभ्या राहिल्या, तिथेच सही केली, भावाकडे न पाहता निघून गेल्या.

चार दिवसांनी खालून आवाज आला, "ओ हिस्सा दोन! चतुःसीमा चुकली!"

चतुःसीमा म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे त्याचं वर्णन. पाहिलं तर पूर्वेला खाडी आणि पश्चिमेला रेल्वे. डोळे बांधून सोडलं तरी घरी येईल अशा माणसाने रेल्वे समुद्राकडे नेली होती आणि खाडी स्टेशनाकडे.

"वय झाला," नाना म्हणाले. "बायला परत बोलवावा लागल."

यमुनाबाई परत आल्या. या वेळी चप्पल काढली, बसल्या, आमच्या घरचं पाणी प्यायल्या. पुढच्या आठवड्यात नानांच्या लक्षात आलं की हिस्सा एकचं क्षेत्र हिस्सा दोनला लागलंय. तिसऱ्या वेळी त्या पानात गुंडाळलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली चिवट केळी, घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "त्याला इचार, दात हायत का अजून?" नाना समोरच बसले होते. त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

त्यानंतर नाना म्हणाले, कागदात विहीर राहिली.

आता मात्र मी खाली गेलो. कमिटीने मला रविवारपर्यंतची मुदत दिली होती. "नाना, चाळीस-बेचाळीस घरं गळतायत. तुमच्या हातून तीन चुका?"

त्यांनी खिशातली टेप काढून हातभर ओढली.

"बापूस गेला त्या साली भाऊबीजेला गेलेलो," ते म्हणाले. "साडी नेली. साडीच्या घडीत हक्कसोडीचा कागद. सगळे भाव तसाच करत. सही घ्यायची आनि जेवून यायचा. बायने ओवाळला, साडी उघडली, कागद बघितला. ताट तिथंच ठेवून आत गेली. सही नाय केली. पुढं बिल्डरच्या हापिसात जाऊन तिने आपल्या हिश्शाची सही दिली, पन हितं पाय नाय टाकला." टेप खट्कन आत गेली. "एकदा हा कागद बरोबर झाला का ती परत कशाला येल?"

मी सचिव होतो. "रविवारी कागद बरोबर पाहिजे," म्हटलं, आणि जिना चढताना स्वतःचा मला मुळीच अभिमान वाटला नाही.

रविवारी कागद निर्दोष होता. खाडी पश्चिमेला, रेल्वे पूर्वेला, क्षेत्र बरोबर, विहीर जागच्या जागी. नानांनी तो सरकवला आणि खिडकीबाहेर पाहू लागले. यमुनाबाईंनी ओळीखाली बोट ठेवून सगळा वाचला. मग पेन घेतलं आणि सावकाश, ठसठशीत सही केली.

नाना वाकून बघायला गेले. "बाय! ती जागा माझ्या सहीची!"

"मग? सातबाऱ्यावर माझा नाव नाय का?"

"तसा नाय... कागद फुकट गेला ना."

"जाऊ दे. तीन तू फुकट घालवलेस, एक माझा." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "रघ्या, खाडी-रेल्वे चुकलास, म्हटला वय झाला. पन तू विहीर विसरशील? तुला तिच्यातून मीच काढलेला, केसाला धरून."

नानांनी फुकट गेलेल्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"नवा कागद कर," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी येते. आनि जेवायला करून ठेव, हा पाहुना मानूस नुसता पानीच देतो." पाहुना मानूस म्हणजे मी.

मी इतिवृत्तात लिहिलं: 'सहीच्या जागेबाबत तांत्रिक त्रुटी आढळल्याने विषय पुढील आठवड्यावर.' सचिव म्हणून मी लिहिलेलं हे एकमेव वाक्य, ज्याची मला लाज वाटत नाही.

गॅलरीतून पाहिलं तर दोघं पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी उभी होती.

"विहीर हितं होती," नाना पाय आपटून सांगत होते.

"हितं नाय. तिकडं, त्या खांबाकडं."

नानांनी खिशातून टेप काढली. बहिणीकडे पाहिलं. मग ती न उघडताच परत खिशात ठेवली.

"तू म्हनशील तिथं," म्हणाले.