मोठे साहेब आर कमिंग

इंग्रजी ही काही अवघड भाषा नाही, हे मी सदुसष्ट साली तीन आठवड्यांत सिद्ध केलं! तेव्हा मी पवनेच्या धरणावर एका ठेकेदाराकडे हंगामी कारकून होतो. ठेकेदार म्हणाले, "भिमाजी, इंग्रजीत चिठ्ठीचपाटी जमली, तर तुला कायम करतो." बस्स! भात झोडावा तसं मी व्याकरण झोडायला घेतलं.

एकच नियम खटकला. एकाला 'इज', अनेकांना 'आर'. म्हणजे गडीही 'इज' आणि साहेबही 'इज'? बायकोला, कस्तुराबाईला विचारलं. ती म्हणाली, "आवं, मामंजी 'आला' म्हनलं तर चालंल व्हय? 'आले'च म्हनाया लागतंय!"

बरोबर! मानाच्या माणसाला 'आर'. ठरलं!

पुढच्याच आठवड्यात मुंबईचे मोठे इंजिनिअर पाहणीला येणार होते. लोणावळ्याच्या विश्रामगृहाला मी चिठ्ठी धाडली, 'बिग इंजिनिअर आर कमिंग मंडे. अरेंज टांगा अँड लंच.'

सोमवारी ठेकेदारांबरोबर लोणावळा स्टेशनवर गेलो, तर बाहेर सहा टांगे ओळीनं उभे! विश्रामगृहाचे खानसामे बाजीराव घामानं निथळत होते.

"किती जण आहेत हो? 'आर' लिहिलंय, आकडा नाही! मी वीस धरले. चौदा कोंबड्या कापल्यात!"

गाडीतून एकटेच साहेब उतरले. काडीसारखे, पोटावर हात ठेवून.

"पोट बिघडलंय. मला नुसता ताकभात," ते म्हणाले. "आणि ही वरात कुणाची?"

बाजीरावांनी चिठ्ठीच पुढे केली. ठेकेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पंधरावी कोंबडी मीच!

पण मी हटलो नाही. "साहेब, आपल्याला 'इज' म्हणायला जीभ रेटेना!"

दुखतं पोट धरून साहेब हसले. ठेकेदारांना म्हणाले, "माणूस चिकाटीचा आहे. माफीची एक ओळ बिनचूक इंग्रजीत लिहू दे, मग करा कायम." मग माझ्याकडे वळले. "लक्षात ठेव, माणूस एकटा असला की 'इज'. मग तो कितीही मोठा असो!"

पटलं! तिथंच बाकावर बसून लिहिलं, तीनदा तपासलं आणि ताठ मानेनं कागद साहेबांच्या हातात दिला.

'आय इज व्हेरी सॉरी.'

साहेबांनी तो वाचला आणि ताकभातही नको म्हणाले.

मी आणखी दोन वर्षं हंगामीच राहिलो. पण तुम्हीच सांगा, त्या बाकावर मी एकटाच नव्हतो का?