करंदीकरांचं इंग्लंडातलं गाव

१२ जून. शेजारच्या करंदीकरांची बॅग वजनकाट्याला टांगायची, हे आजचं काम. सात किलो जास्त. आत कपडे कमी, इंग्लंडातल्या एका खेड्याचा इतिहास फार. चार जाड फायली.

करंदीकर त्या गावी कधीच गेलेले नाहीत. पण दुबईत, अल कुसैसच्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये सापडलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलंय. "वहिनी, विलोच्या फांद्यांच्या टोपल्या! गव्हाच्या काडाच्या वेण्या, त्यांच्या हॅट! पाणचक्की, वीटभट्टी. टॉप क्लास!" आमचा मजला आला तरी दार धरून ठेवायचे.

माझी मुलगी एकदा म्हणाली, "अंकल, यू हॅव नेव्हर बीन देअर!"

"तू पिरॅमिड शिकतेस, गेलीस का इजिप्तला?"

एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. माल यायच्या आधी यादी तयार हवी, ही सवय. आता नोकरी संपली, व्हिसाही संपतोय. त्यांची मुलगी त्या गावात राहते. उद्या दुपारी तिच्याकडे निघायचंय.

"फायली काढा," मी म्हटलं.

ते बॅगेवरच बसले.

"काल मुलीनं व्हिडिओ कॉलवर तिच्या शेजाऱ्याशी गाठ घालून दिली. मी विचारलं, टोपल्या विणणारे कुठल्या गल्लीत बसतात? तो म्हणाला, आय वर्क फ्रॉम होम, सर. पाणचक्कीत म्हणे फ्लॅट झालेत. त्याला काहीच माहीत नाही, वहिनी! खलास."

"मग तुम्ही सांगा त्याला."

"त्यानं घड्याळ पाहिलं हो." ते बॅगेचा पट्टा चाचपू लागले. "बोलायचं काम हिचं, सुमनचं होतं. मी मागे पिशवी धरून उभा. ती गेल्यावर लोकांशी काय बोलायचं ते कळेना, म्हणून हे पाठ केलं. मुलगी दिवसभर ऑफिसात. त्या घरात मी एकटा... भीती वाटते मला."

मला सांत्वन जमत नाही. त्यांना उठवून दोन फायली काढल्या, दोन राहू दिल्या, चेन लावली.

१३ जून. सकाळी त्यांना खालच्या कॅफेटेरियात नेलं. करक चहा मागवला. शेजारच्या टेबलावर एक पठाण टॅक्सीवाला पराठा खात होता.

"विचारा त्याला, गाव कुठलं."

करंदीकर माझ्याकडे झुकले. "चिडला तर?"

"तीनला विमान आहे तुमचं. यल्ला, चला."

"भाईसाब... गाव कौनसा?"

"स्वात के पास."

"वहाँ... क्या बनता है?"

टॅक्सीवाल्यानं पराठा बाजूला ठेवला. हात पुसले. "शॉल, साहब. मेरे वालिद बुनते हैं," म्हणाला, आणि खुर्ची जवळ ओढली.

मी माझा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.