नळावरचे पिंप

लोकसेवेची पहिली अट म्हणजे ती दुसऱ्या कुणाला करू न देणे. एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमधल्या आग विझवणाऱ्या कंपन्यांना हे तत्त्व पुरते उमगले होते. तिथली माणसे पगारी नव्हती, हौशी होती. आणि हौसेला मोल नसते (म्हणून जाबही नसतो). कंपनीचा नायक पुढे नगरसेवक होई, कारण ज्याच्या हाकेला ऐंशी दांडगे धावतात, त्याला मतांची चिंता नसते.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी कॉनरॅड डेटमरच्या बेकरीचे छप्पर पेटले. अकरा वर्षे पीठ मळून त्याने ती उभी केली होती. ‘निर्भय’ कंपनीचा एक गडी धावत आला, तेव्हा डेटमरला हायसे वाटले. गड्याने बरोबर आणलेले पिंप आगीच्या पंपासाठी रस्त्यावर असलेल्या नळावर पालथे घातले आणि तो त्यावर बसला.

“अहो, उठा! दुकान जळतंय माझं!”

“दम धर की जरा! आमचा पंप येतोय. तोवर त्या ‘अमर’ कंपनीवाल्यांनी नळ धरला, तर तोंड कुठं दाखवू?”

‘अमर’वाले आधी आले. मागून ‘निर्भय’ आली. त्या दुपारचा अधिकृत तपशील असा: फुटलेली डोकी नऊ, पडलेले दात चौदा (पैकी एक खोटा), छपरावर पडलेले पाणी शून्य. ‘निर्भय’चा नायक गॅरिटी रक्ताळलेल्या नाकाने पिंपावर चढला.

“घाबरू नकोस, डेटमर! जीव गेला तरी नळ सोडणार नाही!”

तेवढ्यात बेकरी कोसळली. नळाला मात्र साधा ओरखडाही आला नाही.

चौकशीला तीन नगरसेवक नेमले. तिघेही माजी नायक. नळ सुस्थितीत असल्याबद्दल त्यांनी दोन्ही कंपन्यांचे अभिनंदन केले आणि डेटमरला भट्टी जपून पेटवण्याची समज दिली.

पुढे निवडणूक आली. पगारी माणसे आणि वाफेचा पंप आणू म्हणणारा एक शाळामास्तर गॅरिटीविरुद्ध उभा होता. मत टाकून डेटमर घरी आला.

“मास्तरांनाच दिलंत ना?” बायकोने, लोटेने विचारले.

“गॅरिटीला.”

“त्या मेल्याला? आपलं सगळं जळालं हो!”

“अगं, मास्तर आला होता का त्या दिवशी? गॅरिटी आला. आपल्या दारात नाक फोडून घेतलं त्यानं!”

डेटमरला खुशाल हसा. आपलाही माणूस अडीअडचणीला धावून येतो, हे आपण अभिमानाने सांगतोच. येऊन काय करतो, हे विचारायची पद्धत आपल्यातही नाही.