ढालीचं तिसरं वर्ष

पर्यवेक्षिकाबाईंना या व्यवहारात मिळण्यासारखं बरंच होतं. स्वच्छ प्रसाधनगृहाची फिरती ढाल लागोपाठ तीन वर्षं जिंकली की ती शाळेत कायमची राहणार होती. तिच्याशेजारी बाईंचा फोटो लागणार होता, आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीकडे जाणारा रस्ता त्या फोटोवरूनच जात होता. खर्च म्हणाल तर एक कुलूप.

तपासनीस न सांगता येत. म्हणून मुलींचं प्रसाधनगृह बाराही महिने घासूनपुसून बंद, आणि किल्ली बाईंच्या कमरेला. जिला हवी तिने शिक्षकखोलीत येऊन, सगळ्या सरांदेखत मागायची. मुलींनी यावर सोपा तोडगा काढला: पाणीच प्यायचं नाही. मुलांच्या बाजूला मात्र कुलूप नव्हतं. ती बाजू स्पर्धेत उतरवायची बाईंचीही छाती नव्हती.

बाईंची लेक त्याच शाळेत नववीत होती. तिने तीन वर्षांत एकदाही किल्ली मागितली नाही. "पोटची पोर, पण सवलत मागेल तर शपथ," बाई कौतुकाने सांगत. संध्याकाळी तिची बाटली भरलेलीच घरी येई. त्याचंही कौतुक होई.

तिसऱ्या वर्षी, तपासनीस अजून यायचे असताना, आरोग्य केंद्राच्या सिस्टर वार्षिक तपासणीला आल्या. वाढत्या वयातली मूत्रपिंडं तपासायची म्हणून त्यांनी बेचाळीस मुलींच्या हाती बेचाळीस डब्या दिल्या.

"किल्ली," सिस्टर म्हणाल्या.

"आजच? तपासनीस येऊन जाऊ देत की."

"बाई, ही काय सहल आहे, पुढे ढकलायला?"

नाइलाजाने कुलूप निघालं. एकेकीने जायचं, चपला बाहेर काढायच्या, आणि प्रत्येकीमागून शिपाईमावशींनी फरशी पुसायची. पाऊण तासात सात डब्या भरल्या. बाकी ज्या गेल्या त्या रिकाम्या डब्या घेऊन परत रांगेत आल्या.

"येतच नाही," एक म्हणाली.

"सकाळपासून पाणी किती प्यायलीस?"

"आज शाळा आहे ना, सिस्टर. सुट्टीच्या दिवशी पिते मी."

नेमके तेव्हाच फाटकाशी तपासनीस उतरले. बाईंनी रांग वर्गात पिटाळली, भरलेल्या सात डब्या स्वतःच्या कपाटात कोंबल्या आणि हसतमुखाने पाहुण्यांना दार उघडून दिलं. तपासनिसांनी फरशीत वाकून पाहिलं आणि स्वतःचा भांग नीट केला.

"कोणी वापरतं असं वाटतच नाही," ते म्हणाले, आणि पैकीच्या पैकी गुण देऊन गेले.

सिस्टरांनी कपाटातून आपल्या डब्या सोडवून घेतल्या. दुपारपर्यंत मुलींना पाणी पाजलं, उरलेले नमुने मिळवले, जागीच तपासले, वही भरली आणि मग बाईंना बोलावलं.

"तीन वर्षांपूर्वी संसर्ग झालेल्या मुली चार. मग नऊ. मग तेरा. आज एकोणीस. मुलांचे सकाळी तपासलेले आकडे आहेत तिथेच आहेत. तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीनंतर शाळेत नवीन काय झालं?"

भिंतीवरच्या ढालीवर वर्षं कोरलेली होती. वहीशी ताडून पाहायला हिशेबनीस लागत नव्हता.

"सगळ्यात वाईट ही, रोल नंबर अकरा. हिला मधूनमधून ताप येत असेल, कंबर दुखत असेल."

"येतो ताप," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, अभ्यास टाळायला..." वाक्य त्यांच्याच्याने पुरं झालं नाही. अकरा नंबर त्यांच्या घरचा होता.

घरी गेल्यावर त्यांनी लेकीला विचारलं, "मागायची होतीस गं किल्ली. मी नाही म्हटलं असतं का?"

"तूच तर सगळ्यांना सांगायचीस, माझी मुलगी मागत नाही म्हणून," लेक म्हणाली. "मग मागू कशी?"

ढाल शाळेला कायमची मिळाली, भिंतीवरून काचेच्या कपाटात गेली. फोटो बाईंना मिळाला. प्रसाधनगृहाचं दार आता दिवसभर उघडं असतं आणि फरशीवर पावलं उमटतात. कुलूप ढालीच्या कपाटाला लावलं आहे. राहिला लेकीचा वाटा. तो मोठ्या डॉक्टरांनी उजेडाच्या काचेवर फिल्म लावून दाखवला: उजव्या मूत्रपिंडावर बोटाच्या पेराएवढी खूण.

बाई पुढे झाल्या. सवयीने त्यांनी पदराचं टोक धरलं आणि ती खूण पुसायला हात उचलला.

"काच स्वच्छ आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "ते आतलं आहे."