जमुनाबाईंच्या पायाखालची स्टेपनी

"रविवारी मोनालीच्या साखरपुड्याले एक तर हे चाक जाईन, नाई तर मी जाईन!" जमुनाबाई म्हणाल्या आणि पिकअपचं दार त्यांनी असं आपटलं, की क्रेटवर झोपलेली मांजर एका उडीत शेजाऱ्यांच्या अंगणात गेली.

चाकाचं स्वतःचं म्हणणं काहीच नव्हतं. ते बिचारं गेलं वर्षभर जमुनाबाईंच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेत, निमूट आडवं पडून होतं. जमुनाबाईंची उंची बेताची. चाकावर पाय ठेवून बसल्या की गुडघे थेट हनुवटीला! शेंदूरजनाघाटहून अकोल्याला, जठारपेठेतल्या माहेरी पोचेपर्यंत त्यांची घडीची खुर्ची होऊन जायची. मग मधे बसलेली आचल, त्यांची दहावीतली मुलगी, दोन्ही हात धरून त्यांना उलगडायची.

याला कारण त्यांचे यजमान खुशालराव. मागच्या वर्षी संत्र्यांच्या ओझ्यानं पिकअपचा मागचा अॅक्सल तुटला, तेव्हा त्यांनी भंगारातून भलत्याच गाडीचा अॅक्सल आणून बसवला. बसला छान, पण पुढच्या चाकांना पाच नट आणि मागच्यांना सहा! पुढचं चाक मागे लागेना, मागचं पुढे लागेना. म्हणून दोन स्टेपन्या. सहावाली गाडीखाली लटकली. पाचवाली मागे मालाच्या उघड्या डाल्यात टाकली, तर अमरावतीच्या राजापेठेत खुशालराव कचोरी खाऊन येईपर्यंत कोणीतरी ती लांबवली. नवी आणली ती मग केबिनमध्येच ठेवली. जमुनाबाईंच्या पायाखालची वस्तू उचलायची छाती अख्ख्या वरुड तालुक्यात कोणाची नव्हती.

पण आता प्रश्न माहेरच्या साखरपुड्याचा होता. भाची मोनालीचे हार आणि ओटीचं सामान जमुनाबाईच नेणार होत्या. शुक्रवारी खुशालरावांनी गाडी अमरावतीला देवीदास मिस्त्रीकडे घातली.

"देवीदास, पुढच्या पाचाचे सहा करून दे."

"हब बदला लागते, भाऊ, चाक ज्याच्यावर बसते ते. माह्याजवळ सहावाले पडले हायेत, चाकासगट. आजच टाकून देतो."

"मंग चारई चाकं सहाचे?"

"चारई सहाचे. स्टेपनी एकच. वयनी पाय पसरून जाईन अकोल्याले."

एवढं ऐकल्यावर खुशालराव आणखी काही विचारणाऱ्यातले नव्हतेच. जुने हब, जुनी चाकं आणि ती पाचवाली स्टेपनी देवीदासकडेच टाकून ते शीळ घालत घरी आले. आल्या आल्या शेजारच्या नत्थुजींना त्यांनी चष्म्यासकट बोलावून घेतलं.

"नत्थुजी, मोजा नट!"

नत्थुजींनी गाडीला प्रदक्षिणा घालून चोवीस नट मोजले. मग चष्मा पुसून पुन्हा चोवीस मोजले.

"बराबर हाये," ते म्हणाले.

"खालची स्टेपनी पुढं लावून पाह्यली काय?" जमुनाबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"काहून पाहा लागते? सहा म्हनजे सहा! सहाले सहा बसत नाई, असं कुठी होते काय?"

रविवारी सकाळी जमुनाबाई मोरपंखी साडी नेसून, मांडीवर हारांची टोपली घेऊन गाडीत बसल्या. पायाशी मोकळं मैदान! अमरावती गेली, बडनेराही मागे पडलं. खुशालराव गाणं गुणगुणायला लागले. आणि फस्स! जमुनाबाईंच्या बाजूचं पुढचं चाक बसलं.

"मी काई नाई केलं," जमुनाबाई आधीच म्हणाल्या.

"पंचर झालं तं काय झालं? पाह्य आता आपली करामत."

खुशालरावांनी अगदी खुशीत जॅक लावला, चाक काढलं, गाडीखालची स्टेपनी सोडून घरंगळत आणली आणि पुढे उचलून धरली. एक बोल्ट भोकात गेला. बाकीचे पाच बाहेर. त्यांनी चाक फिरवलं. आता दुसरा गेला, पहिला बाहेर आला. त्यांनी चाकाला लाथ घातली, मग गोंजारलं, मग तिरकं धरून पाहिलं.

"आचल, भोकं मोज."

"सहा हायेत, बाबा."

"अन् बोल्ट?"

"तेबी सहाच."

"मंग काहून बसून नाई राह्यलं हे?"

जमुनाबाई खाली उतरल्या. टोपलीतून हार बांधायचा उरलेला दोरा काढला. स्टेपनीच्या एका भोकापासून समोरच्या भोकापर्यंत ताणला आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. तोच दोरा नेऊन पुढच्या बोल्टांवर धरला. गाठ चांगली बोटभर बाहेर गेली.

"बांगड्या घेताना डझन पाह्यता का माप पाह्यता?" त्यांनी शांतपणे विचारलं.

एवढ्यात अकोल्याची एसटी आली. जमुनाबाईंनी मोरपंखी पदर हलवून ती थांबवली, टोपली आणि आचल वर चढवली आणि खिडकीतून म्हणाल्या, "तुमी तुमचे सहा घेऊन या हळूहळू."

पंक्चरचं चाक एका दुधवाल्याच्या मोटरसायकलवर मांडीवर घेऊन खुशालराव बडनेऱ्याला गेले, पंक्चर काढून घेऊन परत आले आणि जठारपेठेत पोचले तेव्हा साखरपुडा होऊन मांडवातल्या खुर्च्या एकावर एक चढल्या होत्या. दारात मेहुणा बंडू उभाच होता.

"या भाऊजी! किती वाजले?"

"चार."

"चार म्हनजे चार!" बंडू म्हणाला आणि आतून हसण्याचा असा लोंढा आला, की आचलनं सगळं तिखटमीठ लावून सांगितलंय हे खुशालरावांना कळून चुकलं.

निघायच्या वेळी ते जमुनाबाईंजवळ घुटमळले. "जमुना, आता पुढच्यासाठी एक येगळी स्टेपनी घ्या लागन. अन् ते ठेवाले..."

"ठेवा ना माह्या जागेवर! तिलेच घेऊन जा घरी. भाकरीबी तिलेच मांगजा." मग गाठी मारलेला दोरा त्यांच्या खिशात कोंबून त्या म्हणाल्या, "जागा मोकळी झाली का घ्याले येजा."

खुशालराव शाळा बुडू नये म्हणून आचलला घेऊन परतले. चार दिवस बापलेकींनी खिचडी खाल्ली. पाचव्या दिवशी आचल म्हणाली, "बाबा, देवीदासकाकाकडे जाता का मी आईले फोन लावू?"

ते लगेच गेले. दोरा पाहून देवीदास पोट धरून हसला. मग हसू ओसरल्यावर तोच दोरा घेऊन त्यानं मागच्या शेडमधले हब मोजायला काढले. तिसऱ्या जोडीवर गाठी बरोब्बर बसल्या, आणि तीच जोडी चाकांसकट पुढे चढली. खुशालरावांनी तिथंच उभं राहून ती एकुलती एक स्टेपनी चारही जागी लावून पाहिली, तेव्हाच गाडी हलवली. दोरा मात्र देवीदासनं मागून ठेवून घेतला.

रविवारी बापलेक जमुनाबाईंना आणायला गेले. जमुनाबाई दिमाखात सीटवर बसल्या. पाय पसरले, हलवले, पुन्हा पसरले. मूर्तिजापूरपर्यंत त्या खूश होत्या. मग जरा पुढे सरकल्या. मग मागे. मग एक पाय मुडपला. बडनेरा आलं तशी त्यांची चुळबुळ फारच वाढली.

"काय झालं?" खुशालरावांनी घाबरून विचारलं. "पंचर?"

"पाय लोंबकळून राह्यले ना माय," जमुनाबाई म्हणाल्या. आचलनं वाकून पाहिलं. खरंच, आईचे दोन्ही पाय जमिनीपासून चांगले चार बोटं वर झोके घेत होते.

अमरावतीचे दिवे दिसायला लागले, तेव्हा जमुनाबाईंनी खिडकीबाहेर पाहत अगदी सहज विचारलं, "ते पाचवालं चाक देवीदासभाऊनं इकलं तं नसन ना?"

खुशालरावांनी गाडी देवीदासच्या दुकानाकडे वळवली.